मावशीची ‘पॉइंट टू फाइव्ह’ची गोळी

मागच्या दिवाळीत मिरजेहून मावशीचा फोन आला. आवाज थरथरत होता. “अगं, तू ते मेंदूचं शिकतेस ना? मग खरं सांग, मी व्यसनी झालेय का?”

काका गेले तेव्हा तिला अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती. पंधरा दिवसांसाठी. तीच चिठ्ठी दाखवत दाखवत सहा वर्षं गेली आणि एकाच्या दोन गोळ्या झाल्या. मग कुणीतरी सांगितलं, “या गोळ्या वाईट, बंद कर.” मावशीने त्याच दिवशी बंद केल्या. तिसऱ्या दिवशी हात कापायला लागले, घाम फुटला, झोप पार उडाली.

तुमच्याही घरात अशी एखादी ‘झोपेची गोळी’ असेल, म्हणून आज हा विषय.

ही गोळी नेमकं काय करते?

मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं. पेशींना शांत करणं हे त्याचं काम. गाबा त्याच्या ग्राहकाला चिकटला की पेशीच्या भिंतीतलं एक छोटं दार उघडतं, क्लोराइडचे आयन आत येतात आणि पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. थोडक्यात, गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन गटातली औषधं. ती स्वतः दार उघडत नाहीत. गाबा आलेला असताना दार जास्त वेळा उघडेल, एवढंच करतात. म्हणून भीती ओसरते, स्नायू सैलावतात, झोप लागते.

या गटातलं पहिलं औषध, लिब्रियम, १९६० मध्ये बाजारात आलं आणि १९६३ मध्ये व्हॅलियम. दोन्हींमागे लिओ स्टर्नबाख हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्याआधीच्या बार्बिट्युरेट्सचा डोस जरा चुकला तरी जिवावर बेतायचं. त्यामानाने ही औषधं सुरक्षित होती, आणि योग्य कारणासाठी, थोडे दिवस घेतली तर आजही उपयोगी आहेत.

मग गाडी अडते कुठे?

रोज बाहेरून ब्रेक दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू तडजोड करतो. गाबाचे ग्राहक गोळीला कमी दाद देऊ लागतात आणि उत्तेजित करणारी यंत्रणा जोर धरते. म्हणून तीच गोळी पुरेनाशी होते. अशात ती एकदम थांबवली तर? ब्रेक झिजलेला आणि ॲक्सिलरेटर दाबलेला! धडधड, कंप, निद्रानाश, आणि काही जणांना चक्क फिट्स किंवा भ्रम. हे जिवावरही बेतू शकतं.

यातली खरी मेख अशी, की गोळी सोडल्यावर होणारा त्रास मूळच्या आजारासारखाच दिसतो. मावशी म्हणाली, “बघ, गोळीशिवाय मी बरी नाहीच.” खरं तर तो त्रास बराचसा गोळी तुटल्याचा होता.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. शरीराला सवय लागणं म्हणजे अवलंबित्व. सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्यालाही ते होतं. व्यसन म्हणजे ओढ, ताबा सुटणं, नुकसान दिसत असूनही घेत राहणं. दोन्ही वेगळं, दोन्हींवर उपचार आहेत आणि दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट: आज हे वाचून उद्या गोळी बंद करू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. कोणती गोळी, किती, किती वर्षं, दारू किंवा इतर औषधं, पूर्वी कधी फिट आली होती का, हे सगळं खरं सांगा. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर या गोळ्या श्वास मंदावू शकतात, त्यामुळे इथे लपवाछपवी नको.

डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. साधारणपणे सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के. त्रास वाढला तर तिथेच थांबायचं, मग पुढे. कधी कधी शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणून मग कमी करतात, म्हणजे चढउतार कमी होतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ गोळ्या सोडवण्याचा बाह्यरुग्ण विभाग चालवला. त्यांचाही भर घाई न करण्यावर, पेशंटच्या गतीने जाण्यावर होता. जोडीला समुपदेशन हवं, कारण चिंता आणि झोपेचा मूळ प्रश्न तसाच असतो.

आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठी लागते आणि दुकानदाराला वेगळी नोंद ठेवावी लागते. “ओळखीचा आहे, देतो” हा उपकार नव्हे.

कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेली-मानस १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. फिट आली, भास व्हायला लागले किंवा माणूस गोंधळला, तर वाट बघू नका, १०८.

मावशीला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. गोळी परत सुरू झाली आणि मग दहा महिन्यांत हळूहळू उतरली. अजून एखादी रात्र जागी जाते. मग ती उठून चहा करते आणि सकाळी मला कळवते, “काल झोपले नाही, पण घाबरलेही नाही.”