फिरत्या यंत्रातले तेल

पनवेल हे पूर्वी गाडीच्या चाकांचे गाव. मुंबई-पुणे रस्त्यावर बैलगाड्या चालत, त्या काळी इथे चाके बनवण्याचा मोठा धंदा होता. चाक आले की आस आला, आणि आस आला की वंगण आले. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. वंगणात माती गेली की चाक कुरकुरे, आस झिजे. शहाणा गाडीवान आधी जुने काळे वंगण पुसून काढी, मग नवे घाली.

आज सांगायची गोष्टही चाकाची आणि तेलाचीच आहे. पण हे चाक माणसाच्या भोवती फिरते.

झाले असे. आमच्या आळीतल्या एक काकू न्हाणीत घसरून पडल्या. डोके दगडावर आपटले. त्यांना ओकाऱ्या होऊ लागल्या. आम्ही त्यांना गाडीत घालून पनवेलला एका दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "डोक्याचा सिटी स्कॅन करायला हवा. आत रक्त साकळलंय का ते बघू." आम्ही त्या खोलीशी गेलो, तर दाराला पाटी: यंत्र बंद आहे. मग काकूंना घेऊन दुसरीकडे धावलो. वाटेत दीड तास गेला. डोक्यात रक्त साकळत असेल तर दीड तास म्हणजे थोडाथोडका वेळ नव्हे. काकू वाचल्या. पण यंत्र का बंद पडले, हे आमच्या मनातून जाईना. पुढे एकदा जाऊन तिथल्या तंत्रज्ञाला विचारले. तो भला माणूस. त्याने चहा पाजून सगळे समजावले.

"तेलात ठिणगी पडली," तो म्हणाला.

यंत्रात तेल कशाला? सांगतो.

हाडांचा फोटो काढतात ते क्ष-किरण 1895 साली जर्मनीत राँटजेन यांनी शोधले. साध्या फोटोत सारे एकावर एक दिसते. मेंदू कवटीच्या आड राहतो. मग इंग्लंडमध्ये हाउन्सफिल्ड यांनी युक्ती काढली. किरण चहूबाजूंनी सोडायचे आणि गणकयंत्राने त्यांचा हिशेब करायचा. म्हणजे काकडीच्या चकतीसारखा आतला काप दिसतो, आणि सुरी लावावी लागत नाही! 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याची अशी तपासणी झाली. हाच सिटी स्कॅन. त्यातले मोठे कडे तुम्ही पाहिले असेल. रोगी फळीवर निजतो, फळी कड्यात सरकते. कड्याच्या झाकणाआड एक चाक गरगर फिरते. त्या चाकावर किरणांची नळी बसवलेली असते.

या नळीत विजेचा मारा एका धातूच्या तबकडीवर होतो, तेव्हा किरण निघतात. पण गंमत पाहा. शंभर भाग वीज घातली तर किरण होतात जेमतेम एक भाग. बाकी नव्याण्णव भागांची नुसती उष्णता! तबकडी टंगस्टनची असते. जुन्या पिवळ्या दिव्यात तार असे, तोच हा धातू. तो सुमारे 3,400 अंशांवर वितळतो, तरीही एकाच जागी मारा झाला तर टिकणार नाही. म्हणून तबकडीही स्वतःभोवती मिनिटाला हजारो फेरे घेते. चाकात चाक.

ही उष्णता जायची कुठे? नळीभोवती तेल भरलेले असते. पंप ते तेल फिरवतो. ते ऊन होऊन बाहेर येते, मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळीत पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि परत आत जाते. पंप, जाळी, पंखा, सारा संसार त्या फिरत्या चाकावरच.

तेलाला आणखी एक काम आहे. आपल्या घरात वीज 230 व्होल्टची. त्या नळीत लाखाच्या वर, 1,20,000 व्होल्टसुद्धा असते. ही वीज धातूच्या पेटीवर उडी मारू पाहते. तेल तिला अडवते. गावच्या डीपीत तेल असते ना? तेही हीच दोन कामे करते: निववणे आणि वीज अडवणे.

पण तेल स्वच्छ असेल तोवरच. डीपीचे तेल तपासताना दोन धातूच्या गोळ्या तेलात अडीच मिलिमीटर अंतरावर ठेवतात आणि वीज वाढवत नेतात. चांगले तेल तीस हजार व्होल्टच्या वर सोसते. त्यात सुताचा ओला धागा पडू द्या. धागा दोन गोळ्यांच्या मधे आडवा होतो, विजेला पूल मिळतो. फट्! ठिणगी. म्हणून हे तेल हाताळताना सुती फडके चालत नाही.

"पण तेल तर बंद पेटीत. घाण येते कुठून?" आम्ही विचारले.

"आतूनच," तो म्हणाला. रबरी नळ्या झिजतात. पंपाचा बारीक कीस पडतो. फार तापलेल्या तेलाची काजळी धरते. ठिणगी पडली की आणखी काजळी, आणि त्या काजळीमुळे पुढची ठिणगी लवकर. दुरुस्तीसाठी सांधा उघडला तर हवा शिरते, ओल शिरते. आपल्या कोकणात पावसाळ्यात पापड मिनिटात सादळतो. तेलही तसेच ओल धरते.

उभ्या टाकीत गाळ तळाशी बसतो. इथे टाकीच फिरते. चाक अर्ध्या सेकंदात, कधी त्याहून लवकर, एक फेरा घेते. गोफणीतल्या धोंड्यासारखे सारे बाहेर ओढले जाते, वजनाच्या दहापट जोराने. जड कण बाहेरच्या भिंतीला चिकटतात, हवेचे बुडबुडे आतल्या बाजूला गोळा होतात. बुडबुडा नळीपाशी आला की तिथे तेल नाही. तिथेच ठिणगी, आणि तिथेच नळी जास्त तापते.

म्हणून तेल भरण्याआधी ते ऊन करतात, गाळतात, त्यातली हवा-पाणी ओढून काढतात. भरताना एक बुडबुडा राहू देत नाहीत. तेलाच्या वाटेवर गाळणी बसवतात. हे काम कंपनीच्या माणसाचे. दवाखान्याच्या माणसाने पेटी उघडायची नसते. त्याने जाळीवरची धूळ काढायची, खोली थंड ठेवायची, कुठे तेल पाझरते का ते बघायचे, आणि यंत्राने सूचना दिली तर ती दडपायची नाही. त्या दवाखान्यात आठ दिवस सूचना येत होती. गर्दी होती, म्हणून यंत्र चालूच ठेवले. नवव्या दिवशी नळी गेली. नव्या नळीला कित्येक लाख पडतात. शिवाय तपासणी अर्ध्यावर थांबली तर ती पुन्हा करावी लागते आणि रोग्याच्या अंगावर किरण दुसऱ्यांदा पडतात. याचा हिशेब कोणी धरत नाही. आमच्या मते तोच आधी धरावा.

पनवेल तालुक्यातच खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगाची मोठी संस्था आहे. तिथे लांबलांबून रोगी येतात. कर्करोगाच्या रोग्याला अशा तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. असा माणूस रात्रीच्या गाडीने यावा आणि दाराला पाटी असावी, हे काही बरे नव्हे. मात्र पाटीवर "देखभालीसाठी दुपारपर्यंत बंद" असे आधीच लिहिलेले असेल, तर आम्ही आता कुरकुर करत नाही.

महिन्याने काकूंची पुन्हा तपासणी होती. या वेळी त्याच दवाखान्यात गेलो. सकाळची वेळ. आत रोगी नाही आणि यंत्र मात्र घुमत होते. काकू म्हणाल्या, "रिकामंच कशाला फिरवतात?" आम्ही सांगितले, रात्रभर थंड पडलेल्या नळीवर एकदम जोर टाकत नाहीत, आधी हळूहळू ऊन करतात. मग तेलाचीही गोष्ट सांगितली.

काकू विचारात पडल्या. "तेल कुठलं रे? गोडं, का खोबरेल?"

"खनिज तेल, काकू. रॉकेलच्या जातीचं."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि हाक आली तशी चपला काढून आत गेल्या.