खेळण्यातल्या इंजिनाचा धूर

मामांच्या मार्क्लिन इंजिनातला धूर कोळशाचा नव्हे. धुराड्यात विजेची तार तापते, शुद्ध पॅराफिन तेलाचे थेंब वाफ होऊन वर येतात आणि गार होताच पांढरे दिसतात. बाटली महाग, म्हणून माझ्या वाणिज्य-बुद्धीने रॉकेल सुचवले. मामा खवळलेच! रॉकेलची वाफ चाळिशीच्या आसपासच पेट घेऊ शकते. तेव्हा इंजिनाच्या कारखान्याने सांगितलेलेच तेल घ्यावे, तेही मोजके थेंब, खिडकी उघडी ठेवून.

पण मोठा धोका आगीचा नाही. धाकटीने एकदा ती सुवासिक बाटली तोंडाला लावलीच होती. हे पातळ तेल गिळताना फुफ्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. उलटी करवू नये, थेट दवाखाना गाठावा. आता बाटली कपाटात, किल्ली आईकडे.