‘बेस’ म्हणजे पाया? भाषांतर ॲप वापरताना ही चूक टाळा

जुन्नरला दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावीला सायन्स एकदम इंग्रजीत. केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत ‘बेस म्हणजे काय?’ असं विचारलं. आदल्या रात्री ॲपमध्ये बघितलेलं मी ठोकून दिलं: ‘पाया’. अख्खी लॅब हसली. पुढचे दोन महिने मी तोंडच उघडलं नाही.

आता सॉफ्टवेअरमध्ये काम करताना कळतं की चूक माझ्या वापराची होती. भाषांतर ॲप आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ ठरवतं. एकटाच शब्द दिला, की ते बहुतेक वेळा रोजच्या वापरातला अर्थ देतं. म्हणून पुस्तकातलं पूर्ण वाक्य टाका, किंवा त्यावर कॅमेरा धरा. तरी खात्री करायचीच. ई-बालभारतीवर दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत फुकट मिळतं. एकच धडा शेजारी शेजारी उघडा: बेस म्हणजे आम्लारी, सोल्यूशन म्हणजे द्रावण.

मग स्वयंपाकघरात जा. हळदीच्या डागावर साबणाचं पाणी टाका, डाग लालसर होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन आम्लारीत रंग बदलतं, म्हणून हळद ‘इंडिकेटर’. मराठीत दर्शक. बाइकचा नाही!