पहिलं इंजिन उघडताय? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

गॅरेज टाकायच्या तयारीत असलेली पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, सर्व्हिसिंग जमतं, ब्रेक-क्लच जमतो, पण इंजिनाचं काम घ्यायला कधी सुरुवात करू?"

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं इंजिन गिऱ्हाइकाचं नसावं, स्वतःच्या पैशानं घेतलेलं असावं. आपल्याकडे एमएच-१६ आणि एमएच-१७ पासिंगच्या जुन्या मारुती ८०० आणि ओम्नी अजून दिसतात. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं आहे. बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. लहान आहे, मजबूत टेबलावर मावतं आणि पार्ट अजून मिळतात. शिकायला यापेक्षा चांगलं काय पाहिजे? भंगारातून घेताना मात्र बिल घ्या आणि त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या. बिल नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

आता कामाचं. इंजिन गाडीत आणि चालू असेल तर उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केटकडे बघा. ही पाच मिनिटांची तपासणी महत्त्वाची, कारण फक्त हेडचं काम आणि पूर्ण इंजिनाचं काम यांच्या खर्चात खूप फरक पडतो. गिऱ्हाईक पुढे तुमच्यावर विश्वास ठेवणार की नाही, ते इथंच ठरतं.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव टाकून ठेवा. कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅपवर नंबर आणि दिशेची खूण करा. या कॅप आपापल्या जागीच बसायला हव्यात. अदलाबदल झाली तर नवीन बेअरिंगही फार टिकत नाही.

मग मोजमाप. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. झीज बहुतेक वेळा वरच्या भागात जास्त असते, जिथं वरची रिंग वळते तिथं. नुसतं बोट फिरवून "चालतंय" म्हणणाऱ्याकडे शिकू नका.

रिबोअर लागला तर क्रम लक्षात ठेवा. आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्यायचे (०.२५ किंवा ०.५० मिमी) आणि ते ब्लॉकसोबत लेथवाल्याला द्यायचे. तो पिस्टन मोजून त्या मापाने बोअर करतो. नवीन पोरं उलटं करतात. बोअर आधी, पिस्टन नंतर. मग क्लिअरन्स चुकतो आणि दोष कोणाचा यावर भांडण होतं. बोअरनंतर होनिंग झालंय का, आत तिरप्या बारीक रेघांची जाळी दिसते का, ते बघूनच ब्लॉक उचला. घरी आणून साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, वाळवा आणि लगेच ऑइल लावा. लेथचा बारीक कीस आत राहिला तर नव्या रिंगा तोच खाणार.

जुळवणीत रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून गॅप फिलर गेजने तपासा. पिस्टनवर बसवताना तिन्ही गॅप एका रेषेत येऊ देऊ नका. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच घट्ट करा. माप मॅन्युअलमधलं घ्या, शेजारच्या मिस्त्रीच्या आठवणीतलं नको. टायमिंग बेल्ट लावल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का बघा. मध्ये अडकलं तर जोर लावू नका, उघडून बघा. सुरू करण्याआधी प्लग काढून आणि इग्निशन-फ्युएल तोडून स्टार्टर थांबत थांबत मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत.

आता धंद्याचा हिशोब. समजा मजुरी ६,००० रुपये ठरली आणि गाडी १२ दिवस अडकली. दिवसाला ५०० रुपये पडले. त्यातच भाडं, लाइट बिल आणि पोऱ्याचा पगार. या १२ दिवसांत बहुतेक वेळ पार्ट आणि लेथची वाट बघण्यात जातो, म्हणून इंजिन उतरवण्याआधीच लेथवाल्याची तारीख घ्या.

अंदाजपत्रकात पार्ट, लेथ आणि मजुरी वेगवेगळी लिहा. उघडून तपासण्याची मजुरी स्वतंत्र ठेवा, कारण आतलं बघून काही गिऱ्हाइकं काम नको म्हणतात. क्रँक खराब निघाला तर फोटो पाठवा, वाढीव खर्चाला लेखी होकार घ्या, मगच पुढे जा. पार्टचे पैसे आगाऊ मागायला लाजू नका. आणि ब्लॉक किंवा पूर्ण इंजिनच बदलायची वेळ आली तर इंजिन नंबर बदलतो. त्याची नोंद आरटीओकडून आरसीवर करून घ्यावी लागेल, हे गिऱ्हाइकाला काम सुरू होण्याआधी सांगा.

गाडी देताना जुने पिस्टन-रिंगा पिशवीत घालून सोबत द्या. पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदलायला बोलवा, तारीख बिलावरच लिहा.