गायब बोटीचा निरोप

दोस्तांनो, टीव्हीवर बर्म्युडा त्रिकोणाचा माहितीपट लागला की घरात कशी शांतता पसरते, नाही? ते गूढ संगीत, तो घोगरा आवाज! आई तीनदा हाक मारते, ''जेवायला चला रे!'' पण उठतंय कोण?

अशाच एका मालिकेच्या निमित्ताने २०२० साली 'कोटोपॅक्सी'चं कोडं सुटलं. कोळसा भरलेली ही आगबोट १९२५ मध्ये अमेरिकेहून हवानाला निघाली आणि ३२ माणसांसह नाहीशी झाली. मग काय, गप्पांना ऊत! स्पीलबर्गच्या एका सिनेमात तर ती चक्क गोबीच्या वाळवंटात सापडते!

मायकल बार्नेट हे सागरी जीवशास्त्रज्ञ आणि पाणबुडे मात्र जुने कागद चाळत बसले. विम्याच्या दप्तरात निरोप सापडला: १ डिसेंबर १९२५, बोट संकटात आहे. फ्लॉरिडाजवळच्या एका अनोळखी सांगाड्यातल्या बॉयलरची मापंही तिच्याशी जुळली. वादळ होतं आणि मालखान्यावरची लाकडी झाकणं नादुरुस्त होती. पाणी आत शिरलं. बस्स, एवढंच गूढ!

पाणी बोटीला कसं खेळवतं, हे उरणच्या मुलांना काय सांगायचं? मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाताना लाट आडवी लागली की लाँच कलते आणि माणसं पटकन दुसरीकडे सरकतात. पाच-दहा जण सरकले तर काही होत नाही. पण शेकडो जण एकदम धावले तर?

१७ जुलै १९४७. सकाळी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली. भर पावसाळा, सुमारे सातशे उतारू. कितीतरी जण दिव्याच्या अवसेसाठी गावी चाललेले. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळली, बोट कलली. घाबरलेले लोक एका बाजूला धावले, तसा सगळा भार तिकडे गेला. त्यात पुढची लाट. काही मिनिटांत बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी मिळतील तेवढ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतलं.

आणि मुंबई? मुंबईला पत्ताच नव्हता! 'रामदास'वर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. कोटोपॅक्सीचा निरोप निदान कागदावर तरी उरला होता. 'रामदास'चा निरोप, असं सांगतात, एका लहान मुलाने आणला. लाटांवर तरंगत तो संध्याकाळी गेटवे ऑफ इंडियाला लागला, तेव्हा कुठे शहराला कळलं की सकाळची बोट रेवसला पोचलीच नाही.