खाल्लेलं लोह जातं कुठे?

‘रक्त कमी आहे’ असं डॉक्टर म्हणाले की घरात पालक, बीट, गूळ-शेंगदाणे यांचा मारा सुरू होतो. जेवढं लोह पोटात, तेवढं रक्तात, असा यामागचा हिशेब. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मात्र फार चोखंदळ असतात. प्रौढ माणसाच्या अंगात 3-4 ग्रॅम लोह असतं. आहारातून रोज शोषलं जातं ते जेमतेम 1-2 मिलिग्रॅम. पालेभाजीवर पिळलेलं लिंबू ते वाढवतं, जेवणासोबतचा चहा घटवतो. नव्या तांबड्या पेशींसाठी तर रोज 20-25 मिलिग्रॅम लागतं. त्यातलं बहुतेक जुन्या तांबड्या पेशी मोडून पुन्हा वापरलं जातं.

जास्तीचं लोह लघवीवाटे निघून जातं, हा समज अधिक घातक. ते बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. राखण करायची ती आत घेतानाच. म्हणून तर वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या हृदयात, यकृतात लोह साठत जातं आणि ते काढायला वेगळी औषधं द्यावी लागतात.

रक्तात लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनावर बसून फिरतं. पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक (रिसेप्टर) त्याला पकडतात, तेवढं आवरण आत वळून त्याची पिशवी होते, पिशवीतली आम्लता वाढली की लोह सुटतं आणि रिकामं ट्रान्सफेरिन पुन्हा रक्तात परततं. मोकळं लोह पेशीला जाळतं, म्हणून उरलेलं फेरिटिन या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात बंद होतं. एका गोळ्यात 4,500 पर्यंत अणू मावतात. पेशीत लोह कमी पडलं की ती ग्राहक वाढवते, फेरिटिन घटवते. किती सुरेख व्यवस्था ही!

या सगळ्यावर यकृतातल्या हेप्सिडिन या संप्रेरकाचा अंमल चालतो. ते वाढलं की आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट बंद होते. त्यामुळे दिवसाला लोहाच्या दोन गोळ्या म्हणजे दुप्पट फायदा, हेही खरं नाही. मोठ्या मात्रेनंतर हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं आणि पुढची गोळी कमी शोषली जाते. लोह कमी असलेल्या स्त्रियांना एक दिवसाआड गोळी दिली, तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह शोषलं गेलं, असं झुरिकच्या संशोधकांना आढळलं. अर्थात मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

जंतुसंसर्गातही हेप्सिडिन वाढतं. जंतूंनाही लोह हवं असतं. शरीर ते लपवून ठेवतं. तेव्हा रक्तातलं फेरिटिनही चढतं. म्हणून तापात किंवा संधिवातासारख्या जुनाट दाहात ‘फेरिटिन नॉर्मल’ असा रिपोर्ट आला, तरी लोहाची कमतरता नाही असं समजता येत नाही. दाह दाखवणारं सीआरपी आणि ट्रान्सफेरिन लोहाने किती भरलंय ते सांगणारं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन यांचे आकडेही सोबत पाहावे लागतात.