पवित्रीकरण (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

पवित्रीकरण म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्रानुसार तारण पावलेल्या व्यक्तीची पवित्र आत्म्याच्या साहाय्याने आयुष्यभर होणारी आध्यात्मिक वाढ होय. प्रॉटेस्टंट मतानुसार तारण हे कृपेचे दान आहे. प्रार्थना, शास्त्रवाचन व सेवा ही त्याची किंमत नसून फळे मानली जातात.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आहे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. मात्र तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी नंतर लिहिले. पुढे केडगाव (जि. पुणे) येथील त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा व दुष्काळग्रस्त मुलींच्या दिनक्रमात प्रार्थनेबरोबर शिक्षण, शेती, विणकाम व छपाई यांचा समावेश होता. ‘मुक्ती’ या नावात तारण आणि प्रत्यक्ष सुटका हे दोन्ही अर्थ आहेत.